जखमेची कड

कादंबऱ्यांमध्ये रक्तपिशाच दार लावून घेई आणि वाचणाऱ्याला फक्त आतला आवाज ऐकू येई. पण त्यांवरची मालिका पडली मोठ्यांसाठी, तेव्हा दिग्दर्शकाने ते दारच काढून टाकलं. गळा कॅमेऱ्यासमोर फाडायचा, असं त्याने रंगभूषा करणाऱ्या मावशीला पहिल्याच दिवशी बजावलं. मावशीला त्याचं काही वाटलं नाही. उभी हयात तिने माणसांना रबराच्या जखमा चिकटवल्या होत्या आणि काम संपल्यावर सोलून काढल्या होत्या. खटकलं ते एवढंच, की या खेपेला गळा तिच्याच लेकीचा होता.

तळघराचा सेट लवकर मोडायचा होता, म्हणून शेवटचा भाग आधी चित्रित झाला. पिशाचाचं काम करणारा भला माणूस, कवळी हरवलेल्या आजोबांसारखा, "मावशी, माझे दात कुठे ठेवलेत?" असं विचारत आला. सगळे हसले. मग त्याने लेकीचे केस मुठीत धरून डोकं भिंतीवर असं आपटलं आणि गळ्याचा असा लचका तोडला, की लपवलेल्या नळीतून उडालेलं रक्त थेट छताला लागलं. लेक पाय झाडत राहिली. कट म्हटल्यावरही जरा वेळ झाडतच राहिली. त्या गडबडीत जखम काढायची राहून गेली. घरी धुते, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आधीचा प्रसंग होता, म्हणजे जखम कालच्याहून लहान हवी. मावशीने डबा उघडला, लेकीच्या गळ्याचा टॉवेल बाजूला केला, तर जखम होतीच; हवी तेवढी, हवी तिथे. आळशीपणाने तशीच झोपली असेल म्हणून ती करवादली आणि सोलायला नख लावलं. रबराला कड असते. हिला नव्हती.

"दुखत नाही गं आई," लेक म्हणाली. "कमीच होतंय ना? मग झालं तर."

डॉक्टरकडे चल म्हटलं, तर एवढ्या वर्षांनी मिळालेलं काम हातचं जाईल म्हणून पोरीने हात जोडले. मावशी गप्प बसली. चित्रीकरण मागे मागे सरकत गेलं तशी जखमही आटत गेली. लचक्याचा व्रण झाला, व्रणाचे दोन ठिपके. दिग्दर्शक तिच्या हाताची तारीफ करी आणि ती खाली मान घालून न वापरलेले ब्रश धूत बसे. शेवटी गळा कोरा करकरीत झाला, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

त्याच दुपारी दिग्दर्शकाने सांगितलं, की वाहिनीवाल्यांना मरणाचा प्रसंग मिळमिळीत वाटलाय; तळघर पुन्हा उभं केलंय, उद्या परत घेऊ.

"पुस्तकात ते दाराआड आहे," मावशी म्हणाली.

"पुस्तक कोण बघतंय, मावशी?"

मावशीने रक्ताच्या बाटल्या बेसिनमध्ये ओतल्या, रबराच्या जखमांच्या कात्रीने चिंध्या केल्या, लेकीला दंडाला धरून घरी आणलं आणि दाराला आतून कडी घातली. बघू, जखमेशिवाय काय दाखवतात ते.

सकाळी लेक आरशासमोरच्या खुर्चीत बसली होती, रोजच्यासारखी. गळ्याभोवती टॉवेल, हनुवटी वर, डोळे मिटलेले. आरशावर, भिंतीवर आणि थेट छतावर ओलं लाल उडालं होतं. खुर्चीखाली ती अजून पाय झाडत होती.

मावशीने टॉवेल बाजूला केला आणि नखाने कड शोधू लागली.