बुटातला खडा

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान शंकरप्पा, यांना साखरेचा आजार होऊन अकरा वर्षं झाली. उदगीरच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. श्रावणात दर सोमवारी गावाबाहेरच्या महादेवाला वीसेक जणांचा जथा अनवाणी निघतो, चांगला सात किलोमीटर. परतताना डांबर तापलेलं असतं. बाकीचे सावली शोधत उड्या मारत चालायचे, मालक मात्र रस्त्याच्या मधून, हसत.

"शंकरप्पाचे पाय पोळत न्हाईत. महादेवाची किरपा हाय!" असं जथ्यातले वडीलधारे महादेवप्पा अण्णा म्हणाले आणि लोक मालकांच्या पाया पडायला लागले. मीही मान ताठ करून मिरवले, खोटं कशाला बोलू?

मागच्या श्रावणात त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. आठ दिवस पत्ता नाही. वास यायला लागला तेव्हा कळलं. लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी एक बोट काढलं आणि पाय वाचवला.

"ही कृपा नाही हो," त्या म्हणाल्या. "साखरेनं पायाच्या नसा बधिर झाल्यात. पुन्हा अनवाणी चाललात तर पाऊलच जाईल. आणि रोज तळपाय बघायचे."

यंदा श्रावण लागला तसे मी कापडी बूट आणून ठेवले. मालकांनी ते खाटेखाली ढकलले.

"सगळ्यांच्या पुढं चालणारा मी. बूट घालून जाऊ? लोक हसतील."

"मग घरी बसा."

"बसणार न्हाई. अनवाणीच जाणार."

माझं डोकं फिरलं. तडक अण्णांच्या घरी गेले आणि उंबऱ्यातूनच सुनावलं, "अण्णा, तुमीच त्येन्ला डोक्यावर चढवलं. आता पाय गेला तर कोन देणार?" अण्णा उठून आत निघून गेले. मला वाटलं, बोलणं वाया गेलं.

सोमवारी पहाटे दार वाजलं. बाहेर अख्खा जथा उभा, आणि एकूण एकाच्या पायात बूट! कुणाचे नवे, कुणाचे नातवाचे.

"चल शंकरप्पा," अण्णा म्हणाले. "पायरीपर्यंत बूट, वर अनवाणी. देवाला मी इचारलंय."

मालकांनी डोळे पुसले आणि वाकून खाटेखालचे बूट काढले. मीही जथ्यामागं निघाले.

देवळापाशी सगळे पाय धुवायला नळावर बसले. मालकांनी फर्मान काढलं, "आदी एकमेकांचे तळवे बघा." स्वतः अण्णांपुढं बसून अण्णांच्या पायातला बूट ओढून काढला. आतून हरभऱ्याएवढा खडा पडला. तळव्याचं कातडं सोललेलं होतं.

"अण्णा, टोचला न्हाई?"

"काय टोचला?" अण्णा खड्याकडं बघतच राहिले.

यंदा 'किरपा' कुणीच म्हटलं नाही. मालकांनी अण्णांचा पाय मांडीवर घेतला, धुतला, आपल्या उपरण्यानं टिपला.

"साखर कधी तपासली?"

"कधीच न्हाई. मला काय धाड भरलीय?"

"उद्या सकाळी लातूरला जायचं. मी येतो संगं. घाबरायचं न्हाई, अण्णा."

अण्णांनी पोरासारखी मान हलवली. लोक मालकांच्या पाया पडायचे तेव्हासुद्धा मला त्यांचा एवढा अभिमान वाटला नव्हता.

दर्शन करून निघताना मालकांनी आधी अण्णांचे बूट झटकले, मग स्वतःचे.