पेटीवरून दिलेल्या सूचना

दुसरीच्या वर्गाचं नाटक मी पेटी वाजवता वाजवता बसवलं. चुकलं की सूर न सोडता तिथूनच ओरडायचं, ही माझी पद्धत. महिनाभरात पोरांनी सगळं तोंडपाठ केलं, याचा मला कोण अभिमान.

प्रयोगाला राजा ऐटीत पुढे आला. “मी या राज्याचा राजा आहे. खिशातला हात काढ.”

प्रधान कमरेत वाकला. “आज्ञा, महाराज. जेवला नाहीस का, मोठ्याने बोल.”

माझं एकूण एक ओरडणं कार्ट्यांनी नाटकातच धरलं होतं. झाडं झालेल्या चौघींनी तर चालीत गायलं, “किती वेळा सांगायचं, किती वेळा सांगायचं.”

सभागृह हसून लोटपोट. मी पेटीमागे तोंड लपवलं. माझ्या मागेच पहिल्या रांगेत बसलेली माझी आई कानाशी वाकली.

“नाटक झकास झालं गं. पण यातली निम्मी वाक्यं माझी आहेत.”