परतीची तारीख

एकतीस वर्षं लोकांना तिकिटं फाडून दिलेल्या माणसाला स्वतःच्या तिकिटाची धास्ती वाटावी, ही थट्टाच म्हणायची. पण कंडक्टरांना वाटत होती. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, बायको जाऊन चार, तरी गल्लीत त्यांना सगळे कंडक्टरच म्हणत.

सुरुवात सुतारापासून झाली. थोरल्या मुलाने सुचवलं होतं, "बाबा, दोन महिने धाकट्याकडे जाऊन या, हवापालट होईल." त्यानंतर तिसऱ्या दिवशी एक सुतार थेट त्यांच्या खोलीत शिरला आणि टेप उलगडून मापं घ्यायला लागला.

"आजोबा, जरा पाय वर घ्या."

कंडक्टरांनी खाटेवर पाय वर घेतले. "इथे काय बसवायचंय?"

"भिंतभर कपाट. आणि खिडकीखाली तुमच्या नातीचं अभ्यासाचं टेबल."

"आणि ही खाट?"

सुताराने पेन्सिल कानामागे खोचली. "खाटेचं मला काही बोलले नाहीत."

धाकटा वाईट नव्हता, पण त्याचं घर विमानाने चार तासांवर, अकराव्या मजल्यावर. नवराबायको आठ वाजता बाहेर पडायची ती दिवेलागणीला परतायची. पाहुणा म्हणून दोन महिने निभतील. पण कायमचं? इथे निदान खिडकीतून डेपोचं फाटक दिसायचं, कोणती गाडी किती उशिरा सुटली यावर मनसोक्त चिडता यायचं. तिथे बंद दाराआड दिवसभर भिंतीशी बोलायचं. थोरल्याला सरळ विचारायला हवं होतं. पण विचारलं आणि तो "हो" म्हणाला तर?

मग तिकीट आलं. थोरल्याने ऑफिसातून छापून आणलेला कागद त्यांच्या हातात ठेवला. जाण्याची तारीख चार, परतीची पुढल्या महिन्याच्या शेवटची, दोन्ही ठळक अक्षरांत. कंडक्टरांचा जीव भांड्यात पडला. कारण थोरला पक्का चिक्कू. टूथपेस्टची नळी संपली की कात्रीने उभी कापून आणखी चार दिवस चालवणारा. असा माणूस येणारच नसलेल्या प्रवाशाच्या परतीचे पैसे भरेल? शक्यच नाही! त्या दिवशी त्यांनी सुनेच्या हातच्या चहाचं दोनदा कौतुक केलं, तेव्हा ती बिचारी घाबरली.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण कागदाची एक प्रत जवळ असावी ही जुनी खोड. ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. तिथली बाई झेरॉक्सही काढायची आणि विमानाची तिकिटंही. तिने कागदावर नजर टाकली.

"मुलगा हुशार दिसतोय, आजोबा. नुसतं जायचं काढलं असतं तर एकवीस हजार पडले असते. हे जाऊन-येऊन पंधरात बसलंय."

कंडक्टरांना वाटलं, बाई चेष्टा करतेय. "एका खेपेला जास्त आणि दोन खेपांना कमी? अशी बस चालवली असती तर मला दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं असतं."

"विमानवाल्यांचा हिशेब वेगळा असतो. नुसतं जायचं तिकीट घाईत असलेला माणूस काढतो, त्याला काहीही करून जायचंच असतं. तो देतो मागतील ते. फिरायला जाऊन परत येणारा दहा ठिकाणी भाव विचारतो, म्हणून त्याला स्वस्तात. सगळीकडे नाही, पण या मार्गावर आहे असं. म्हणून ज्यांना नुसतं जायचंय तेही जाऊन-येऊनच काढतात आणि परतीचं सोडून देतात."

"सोडून देतात?"

"हो. जाताना मात्र चुकवू नका हं, नाहीतर पुढचंही रद्द होतं. परतीला नाही आलात तर कोणी विचारत नाही."

कोणी विचारत नाही. कंडक्टरांनी झेरॉक्सचे पैसे दिले.

"आणि परतीची तारीख बदलायची झाली तर?" त्यांनी विचारलं. का विचारलं ते त्यांचं त्यांनाही लगेच कळलं नाही.

"साडेतीन हजार लागतील. वर भाड्यातला फरक."

घरी येईपर्यंत कळलं. बसमध्ये तिकीट न काढलेला माणूस त्यांना चेहऱ्यावरून ओळखता यायचा. त्याला "तिकीट काढलंय का?" असं विचारून उपयोग नसतो, तो "हो" म्हणतो. त्याला "कुठे उतरणार?" असं विचारायचं. थोरल्यालाही तसंच विचारायचं. परतीचं तिकीट खरंच वापरायचं असेल, तर साडेतीन हजार ऐकून तो घर डोक्यावर घेईल. ओरडू दे. वाट्टेल ते बोलू दे. आयुष्यात पहिल्यांदाच कंडक्टर मुलाच्या शिव्या खायला आसुसले होते.

रविवारी सकाळी थोरला फरशीवर बसून त्यांची बॅग भरत होता. स्वेटर, मफलर, गोळ्यांचा डबा. दोन महिन्यांसाठी चारही स्वेटर? कंडक्टर खाटेच्या कडेला टेकले.

"अरे, ती परतीची तारीख जरा बदलून दे मला."

"हं."

"साडेतीन हजार लागतात म्हणे. वर आणखी फरक."

ते वाट बघत राहिले. थोरल्याने मान वर केली नाही. मफलरची घडी मोडून त्याने पुन्हा तीच घडी घातली.

"लागू देत," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. "देऊ बदलून, बाबा."

गर्दीत आईचा हात सुटलेल्या पोरासारखे कंडक्टर भेदरून गेले. आत्ता विचारेल, मग विचारेल, म्हणून ते खाटेची कड घट्ट धरून बसून राहिले. थोरल्याने बॅगेची चेन लावली, कुलूप अडकवलं, किल्ली त्यांच्या हातात दिली आणि उठून गेला.

कुठली तारीख हवी, हे त्याने विचारलं नाही.