ओढ्याकाठचं बेट

कामरगावच्या पलीकडच्या टेकडीवर तांड्यानं बांबूचं रान राखलं होतं. गुरं आत जाऊ दिली नाहीत, वणवा लागला तर घरच्या भरल्या घागरी घेऊन माणसं धावली, आणि या हिवाळ्यात पहिल्यांदाच कापणी धरली. जून बांबू तेवढा काढायचा, यंदाचा कोवळा तसाच उभा ठेवायचा. म्हणजे रानही राहील आणि दरसाल कामही. कोवळा तोडेल त्याचा कोयता हंगामभर बंद, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. देखरेखीला रुपाबाईला नेमलं.

रुपाबाईनं या कापणीवर जीव लावला होता. लग्न झाल्यापासून दिवाळी उरकली की ती नवऱ्यासोबत ऊसतोडीला जाई. लेक निता फडावरच्या पालातच रांगायला शिकली. आता गावातच काम निघालं होतं. यंदा निताची शाळा मध्येच सुटणार नव्हती.

एके सकाळी ती ओढ्याकाठी पोचली, तर बांबूचं एक अख्खं बेट भुईसपाट. जून बांबू मधल्या दाटीत असतात, ते काढायला आत शिरावं लागतं. इथं कडेच्या कोवळ्यांसकट सगळं आडवं केलेलं. आणि बाजूला घाम पुसत फुलचंद उभा, तिचाच नवरा.

“हे काय केलं तुमी?”

“उसाचा हात हाये, चालला तसा चालला.” तो हसला. “फुटते पुन्हा. कायले एवढं?”

माणसं जमली. फुलचंदचा थोरला भाऊ भाऊसिंग हळूच म्हणाला, “जाऊ दे वं, घरचाच माणूस हाये.”

रुपाबाई फुलचंदसमोर जाऊन उभी राहिली.

“आज याह्यले सोडलं तं उद्या कोणाले अडवू?” तिनं हात पुढं केला. “कोयता द्या.”

फुलचंदनं कोयता जमिनीवर टाकला आणि चालता झाला. त्याच आठवड्यात तो मुकादमाच्या गाडीत बसून एकटाच ऊसतोडीला गेला.

रुपाबाईनं कापणी नीट पार पाडली. लोक मानानं बोलत. पण चुलीपुढं निता विचारी, “बा कवा येईन?” तेव्हा ती तव्यावरची भाकर उलटवी.

होळीनंतर तो परतला, पार वाळून. तिनं जेवायला वाढलं.

आषाढात रानाला कोंब फुटले. राखलेल्या बेटांत मनगटाएवढे जाड. ओढ्याकाठी मात्र करंगळीएवढ्या काड्या. फुलचंदनं त्या काड्यांपाशी बसून एकेक काडी बोटानं चाचपली. दुसऱ्या दिवशी बकऱ्या शिरू नयेत म्हणून तो तिथं बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालताना दिसला. रुपाबाई त्याची भाकर घेऊन गेली.

“मोठं व्हायले किती सालं लागतीन?” त्यानं मान वर न करता विचारलं.

“तीन-चार. राखलं तं.”

“राखतो.” काट्याची फांदी रोवत तो म्हणाला, “त्या दिवशी सगळ्यायपुढं... लय लागलं मले.”

“मले बी.”

तिनं फडकं सोडून भाकर त्याच्या हातावर ठेवली, आणि तो जेवेपर्यंत काट्याची पुढची फांदी स्वतः ओढत नेली.