लागण

ताईने धाकटीचं मनगट धरलं आणि तिचा हात डॉक्टरांच्या टेबलावर आणून ठेवला.

"हिला सांगा," ती म्हणाली. "माझं ऐकत नाही. तुम्हीच सांगा."

धाकटीने हात हळूच सोडवून मांडीवर घेतला. तो पुसला नाही, हे ताईने बघून ठेवलं.

डॉक्टर वयाने लहान होत्या. बाहेर बाकांवर माणसं खोळंबली होती, तरी त्यांनी पेन खाली ठेवलं. कॅन्सर म्हणजे काही सर्दी-पडसं नव्हे, त्या म्हणाल्या. तो शिवल्याने लागत नाही. एका ताटात जेवल्याने, शेजारी झोपल्याने, एकमेकींचा टॉवेल वापरल्यानेही नाही.

"आणि सुईने?" धाकटीने विचारलं. "हिला घरी इंजेक्शन मीच देते. तीच सुई चुकून माझ्या बोटात गेली तर?"

"सुई जपूनच हाताळायची. तिच्यातून दुसरे आजार जाऊ शकतात. पण कॅन्सर नाही. यांच्या पेशी तुमच्या अंगात गेल्या, तरी तुमचं शरीर त्यांना परक्या म्हणून ओळखतं आणि मारून टाकतं."

"सख्ख्या बहिणीच्या असल्या तरी?"

"तरीसुद्धा." डॉक्टर हसल्या.

"तपासायला तुकडा काढला, त्याने पसरला असेल का? आमची मावशी तसं म्हणते."

"मावशींना सांगा, तसं फार क्वचित घडतं. तुकडा काढला नसता तर औषध कुठलं द्यायचं तेच कळलं नसतं. आणि औषध लागू पडतंय. गाठ निम्म्यावर आली आहे. या बऱ्या होतील, मला चांगली आशा आहे."

ताईने विजयी मुद्रेने धाकटीकडे पाहिलं. धाकटी नुसती मान हलवत होती. नोकरीवर, शाळेच्या ऑफिसात, खिडकीपलीकडच्या पालकांचं ऐकून घेताना हलवायची, तशी.

घरी येताना ताईचं तोंड थांबेना. डोक्याचा रुमाल वाऱ्याने सरकत होता, तो एका हाताने धरून ती भरभर चालत होती. दुसऱ्या हाताने तिने धाकटीचा दंड पकडला होता. अशीच ती तिला लहानपणी रस्ता ओलांडून न्यायची. आई-वडील लागोपाठ गेले तेव्हा धाकटी दुसरीत होती, आणि ताई बारावी सोडून पुस्तकबांधणीच्या कारखान्यात लागली होती. लग्नाचा विषय तिने कधी निघू दिला नाही. स्वतःच्या नाही, आणि पुढे धाकटीच्याही नाही. धाकटी तिशीची झाली तरी तिची वेणी ताई घालायची. धाकटीने कुठल्या रंगाचे कपडे घ्यावेत, कुणाशी फोनवर किती बोलावं, हे ताईला तिच्यापेक्षा जास्त कळायचं. दोघी आतल्या खोलीत शेजारी शेजारी झोपायच्या. त्या घरात आतून कडी लावायची कुणाला कधी गरजच पडली नव्हती.

ताईचा रिपोर्ट आला आणि धाकटीने गादी उचलून बाहेरच्या खोलीत नेली. सुताराला बोलावून दाराला आतून कडी बसवून घेतली. टॉवेल वेगळा, साबण वेगळा, जेवायच्या वेळा वेगळ्या. "मला भीती वाटते गं," एवढंच ती म्हणाली होती. ताई रडली, चिडली, आणि मग तिला धाकटीची दया आली. पहिल्यापासून भित्रीच ती. पालीला घाबरायची, विजेला घाबरायची. भीती म्हटली की ताईला काय करायचं ते ठाऊक असायचं.

घरात शिरताच चपला काढून ताई थेट बाहेरच्या खोलीत गेली. तिने धाकटीची गादी गुंडाळली, उशी काखेत मारली आणि आतल्या खोलीकडे निघाली. दोन पावलांत तिला धाप लागली.

"ताई, ठेव ते तिथेच."

"अगं, आता काय राहिलंय? डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं ना?"

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"लागत नाही ते. तुझा रिपोर्ट आला त्याच आठवड्यात मी विचारून घेतलं होतं."

ताईच्या काखेतली उशी खाली पडली. धाकटीने ती उचलली, झटकली आणि स्वतःच्या छातीशी धरली.

"मग आज तिथे एवढं कशाला विचारत बसलीस?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

"आणि इतके दिवस? टॉवेल, साबण, ती कडी?"

"काहीतरी कारण द्यायला हवं होतं. दुसरं कुठलंही कारण तू मोडून काढलं असतंस." धाकटीचा आवाज जराही चढला नव्हता. "तुझं सगळं करीन मी. इंजेक्शनं, दवाखाना, स्वयंपाक, कशातही कमी पडणार नाही. फक्त मला दार लावून झोपू दे."

"मी मरायला टेकले आहे आणि तू..."

"तू मरत नाहीयेस, ताई. बरी होणार आहेस. म्हणून तर सांगते."

ताईला ते कळायला थोडा वेळ लागला. मग तिने गादी जिथून उचलली होती तिथे परत पसरली. चादरीची कोपऱ्यातली सुरकुती हाताने सारखी केली, आणि भिंतीला धरून धरून आत गेली. संध्याकाळी धाकटीने तिला इंजेक्शन दिलं. तिचा हात हलका होता, नेहमीसारखाच.

दुसऱ्या दिवशी ताई कामावर गेली. अंगात बळ असेल त्या दिवशी ती जायची. मालकाने तेवढी सवलत दिली होती. कारखान्यात लांबलचक टेबलाशी छापील कागदांच्या घड्या शिवायला ती आणि गोटी शेजारी बसत. बुटकी, गोल, सदा हसरी म्हणून गोटी. एकाच पिनकुशनमधल्या सुया दोघी वापरत, आणि दुपारी एकाच डब्यात जेवत. औषधाने ताईची बोटं बधिर व्हायची, तेव्हा काम बाजूला ठेवून गोटी ती चोळून द्यायची. धाकटीचा तिला भयंकर राग होता. शिकली-सवरलेली ना ती, मग एवढी अक्कल नाही? तिला एकदा डॉक्टरांपुढे उभी कर, हे महिनाभर गोटीच ताईच्या मागे लागून सांगत होती.

"काय झालं मग?" ताई बसते न बसते तोच गोटीने तिचा हात ओढून घेतला आणि बोटं चोळायला सुरुवात केली. "काय म्हणाले डॉक्टर? लागत नाही ना? मी सांगत नव्हते? मग काय, काल आली का बाईसाहेबांची गादी आत?"

ताईने मोकळ्या हाताने समोरच्या घड्या सारख्या केल्या.

"आली की नाही?" गोटीची बोटं थांबली. "नाही आली? डॉक्टरांनी सांगूनसुद्धा? म्हणजे भीती-बिती काही नाही गं हिला. ही मुळात तुला..."

"लागतो," ताई म्हणाली.

"काय?"

"लागतो म्हणाल्या डॉक्टर. तिचंच बरोबर होतं. मीच उगाच तिला बोल लावत होते."

"हाताने?"

"हाताने. ताटाने." ताईने पिनकुशनकडे बघितलं. "सुईनेही."

गोटीने तिचा हात सोडला नाही, पण तो धरलेलाही राहिला नाही. तो दोघींच्या मधे टेबलावर उताणा पडून राहिला. गोटीच्या घरी दोन नातवंडं होती, त्यातलं एक अजून अंगावर पीत होतं. ते रोज संध्याकाळी गोटी घरी पोचली की तिच्या मांडीवर चढून तिची बोटं तोंडात घालायचं. ताईला हे सगळं माहीत होतं.

"आधी का नाही बोललीस?" गोटीने अगदी हळू विचारलं.

"मलाही कालच कळलं."

गोटी उठली. नळाखाली बराच वेळ हात धुवून आली. मग तिने आपला कागदांचा गठ्ठा उचलला, दोराही घेतला आणि टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

"इकडे उजेड जरा बरा पडतो," ती ताईकडे न बघता म्हणाली.

"हो," ताई म्हणाली, "तिथे चांगला उजेड असतो." आणि तिने सुईत दोरा ओवायला घेतला. बोटांना सुई नीट लागत नव्हती.