वाढत्या अंगाची बंदूक

बंदूक घ्यायची हे आन्याने ठरवलं, मी नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण इथे अमेरिकेत, नोव्हायच्या मराठी मंडळात गोष्ट उलटी फिरतेय. देवदत्तने, म्हणजे मी, सोळा वर्षांच्या पोरीच्या हातात बंदूक दिली, म्हणे. आरतीच्या वेळी एक काकू माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसल्या. त्यांचा मुलगा रोज सहा तास स्क्रीनवर माणसं मारतो. ते चालतं.

आन्या माझी एकुलती एक मुलगी. तिच्या शाळेची नेमबाजीची टीम आहे. एक मशीन मातीच्या नारिंगी तबकड्या हवेत फेकतं आणि पोरं छऱ्यांच्या बंदुकीने त्या फोडतात. पहिलं वर्ष तिने टीमच्या उसन्या बंदुकीवर काढलं. या वर्षी कोच म्हणाला, आता स्वतःची घे.

माझी बायको रेणू हे ऐकून पोळी तव्यावर तशीच टाकून बाहेर आली. "पहिलीपासून ही पोर शाळेत दिवे बंद करून टेबलाखाली लपायची प्रॅक्टिस करतेय," ती म्हणाली. "कोणी बंदूक घेऊन आत आलं तर म्हणून. आणि आता आपणच घरात आणायची?"

"आई, दॅट्स व्हाय," आन्या म्हणाली. आन्या इंग्रजीत बोलते, पुढचं मी मराठीत लिहितो, कारण लिहिणारा मी आहे. ती म्हणाली की दहा वर्षं ती त्या एका आवाजाची वाट बघत टेबलाखाली बसली. मैदानावर तो आवाज ती स्वतः काढते, आणि मग तिला त्याची भीती वाटत नाही.

पोळी करपली. दुसऱ्या दिवशी रेणूने अटी सांगितल्या. तळघरात लोखंडी कपाट, भिंतीला बोल्ट मारून. काडतुसं वेगळ्या पेटीत. दोन्ही किल्ल्या रेणूकडे. मी एका दुपारात कपाट बसवलं.

मला बंदुकीतलं काही कळत नाही. लोखंडातलं कळतं. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातला डिप्लोमावाला. इथे प्रेसच्या डाय बसवायला म्हणून कंपनीने सहा महिन्यांसाठी पाठवलं, त्याला एकोणीस वर्षं झाली. मंडळातले आयटीवाले मला विचारतात, "तुम्ही नक्की काय करता?" मी सांगतो, तुमच्या गाडीचा दरवाजा ज्या साच्यात दाबला जातो तो साचा मी घासतो. मग ते विषय बदलतात. बदलू देत.

खरं सांगायचं तर मला टीमचंही काही पडलेलं नव्हतं. मैदान आमच्या घरापासून चाळीस मिनिटांवर आहे, आणि शनिवारी तिला मी नेतो. एरवी माझ्या वाट्याला तिचा एक "ओके" येतो, तोही पाठमोरा. गाडीत मात्र ती बोलते. मैत्रिणीशी काय बिनसलं ते सांगते. इंजिनिअर व्हायचं नाही हे तिने मला गाडीतच सांगितलं, आईला अजून माहीत नाही. त्या चाळीस मिनिटांसाठी मी तोफ घ्यायलाही तयार होतो.

दुकानात डोरीन नावाची बाई होती. सत्तरीची, चष्मा दोरीने गळ्यात, दहाव्या वर्षापासून शिकार करणारी. भिंतीवर एक गुलाबी बंदूक टांगलेली होती. आन्याने तिच्याकडे बघून मला फक्त एक भुवई दाखवली. गुलाबी रंग दिला की पोरी येतात असं ज्याला वाटलं, त्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे.

डोरीनने आधी दहा मिनिटं हातच लावू दिला नाही. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असं समजायचं. नळी कधी माणसाकडे करायची नाही. हातात घेतली की उघडायची, रिकामी आहे हे डोळ्यांनी बघायचं, बोटाने चाचपायचं, मग बोलायचं. आन्याला हे सगळं पाठ होतं. मी नवशिका. मलाच दोनदा ओरडा बसला.

मग तिने दोन बंदुका काचेवर ठेवल्या. एक वीस बोअरची, आखूड दस्त्याची, काळ्या प्लास्टिकची, आधी कोणीतरी वापरलेली. दुसरी बारा बोअरची. बोअरचा आकडा लहान तेवढी नळी मोठी आणि धक्का मोठा, हे डोरीनने समजावलं, पण माझं लक्ष उडालं होतं. त्या दुसरीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो मागचा भाग, अक्रोडाच्या लाकडाचा होता. मी अंगठा फिरवला. लाकूड आणि लोखंड जिथे भेटतात तिथे नखसुद्धा अडकलं नाही. यंत्राने कापून नंतर हाताने घासलेलं काम होतं ते. मी ते आन्याला दाखवलं. "हे बघ. इथे बघ. असं फिटिंग आता कोणी करत नाही." बराच वेळ बोललो असेन.

डोरीनने आन्याला कोपर वाकवायला सांगितलं. दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवलं आणि म्हणाली, "आता चापाला बोट लाव." प्लास्टिकवालीला बोट बरोबर बसलं. अक्रोडवालीला पुरलं नाही, सव्वा इंच कमी पडलं.

"हिला लांब होतेय," डोरीन म्हणाली.

"वाढेल ती," मी म्हणालो. "सोळाचीच आहे."

"मिस्टर, बंदूक आज जो खांदा आहे त्याला घ्यायची असते."

मी हसलो. या बाईला काय कळणार. आम्ही भावंडं वाढत्या अंगाच्या कपड्यांत वाढलो. शाळेचा शर्ट घ्यायचा तो दोन वर्षं पुढचा. बाह्या दुमडायच्या, चड्डी पट्ट्याने आवळायची, चपलेला मागे अंगठा मावला पाहिजे. आणि ज्या वर्षी शर्ट अंगाला बरोबर बसायचा त्या वर्षी तो फाटायचा. आन्याला पहिलं बर्फाचं जॅकेट घेतलं तेव्हा तिचे हात त्यात सापडत नव्हते. सायकलवर ती एक वर्ष चवड्यांवर होती. कोणी मेलं नाही.

"आन्या, तूच सांग," मी म्हणालो. "कुठली?"

तिने बंदुकीकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. हे मला आता आठवतं. तेव्हा दिसलं नाही.

"ही," ती म्हणाली, आणि अक्रोडावर हात ठेवला.

पुढचे तीन शनिवार मी मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत राजासारखा बसलो. पंचवीसपैकी अठरा फोडणारी पोर चौदावर आली, मग अकरावर. मी म्हटलं, नवी बंदूक आहे, हात बसायला वेळ लागतो. परत येताना ती कानात इअरफोन घालून खिडकीबाहेर बघायची. मी म्हटलं, वय आहे.

तिसऱ्या रविवारी रेणू गॅरेजमध्ये आली. तिच्या हाताला तेल होतं.

"ती तीन आठवडे मला डोक्याला तेल लावू देत नव्हती," रेणू म्हणाली. "का ते आज कळलं. आत ये आणि बघ."

आन्या सोफ्यापाशी खाली बसली होती. रेणूने तिच्या टीशर्टचा गळा बाजूला केला. उजव्या खांद्याला, काखेच्या वर, हाताच्या तळव्याएवढा डाग. मधे काळानिळा, कडेला हिरवा, त्याच्या बाहेर पिवळा. तीन शनिवार एकावर एक.

मी दिवसभर लोखंडावर काम करतो, माझ्या हातांना काय काय झालेलं आहे. पण हे बघून मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो.

"सांगितलं का नाहीस?"

"इट्स फाइन, बाबा."

"हे फाइन आहे?" रेणू म्हणाली. "ती बंदूक उद्या परत जाते. टीमही बंद. देव, मी तुला आधीच म्हटलं होतं."

"आई, नो." आन्याचे डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता. "प्लीज."

"मला सांगायला काय झालं होतं तुला?" मी परत विचारलं. मला राग आला होता, आणि रागाला दुसरं कोणी सापडत नव्हतं.

तिने गालिच्याचा एक धागा ओढला. मग म्हणाली, "त्या दिवशी दुकानात तू बोलत होतास ना, लाकडाबद्दल. एवढं खूश मी तुला कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, तू मला तुझं काम दाखवतोयस."

रेणू माझ्याकडे बघायचं टाळून स्वयंपाकघरात गेली आणि भांड्यांचा आवाज करायला लागली.

मी एवढंच म्हणू शकलो, "मी दस्ता कापतो. आजच कापतो." आणि मग, बापाची खोड जात नाही, पुढे म्हणालो, "पण लाकूड एकदा कापलं की परत जोडता येत नाही. दोन वर्षांनी तू वाढलीस की—"

"बाबा." ती पहिल्यांदा हसली. "मी वाढणार नाहीये."

"म्हणजे?"

"आय अ‍ॅम डन. मी पाच फूट एक इंच आहे. आठवीपासून पाच फूट एक इंच आहे. डॉक्टर दर वर्षी सांगतात. आईला माहितीये."

"आई," मी हाक मारली. रेणूला मी आई म्हणतो जेव्हा मला आधार लागतो. "हे खरंय?"

"माझी उंची किती आहे?" रेणू आतून म्हणाली. "ती कुठून येणार होती, आकाशातून?"

मी शतांश मिलिमीटरमध्ये मोजणारा माणूस. साच्यात केसाएवढा फरक पडला तर मी बोटाने सांगतो. आणि माझी मुलगी तीन वर्षांपूर्वी वाढायची थांबली हे मला माहीत नव्हतं. मी त्या काउंटरवर, तिच्यासमोर, एका परक्या बाईला छातीठोक सांगितलं होतं, वाढेल ती. आणि तिने माझी लाज राखली.

डोरीनला फोन केला. मी सगळं सांगेपर्यंत ती ऐकत राहिली. "मी तुझ्या फोनची वाटच बघत होते," ती म्हणाली. टोमणा नव्हता. तिने सांगितलं, दस्त्यामागचा रबर आधी काढ, सव्वा इंच काप, कोन तोच ठेव, नवा जाड रबर मी काढून ठेवते. काडतुसंही हलकी घ्या. आणि खांदा पूर्ण बरा होईपर्यंत पोरीने बंदुकीला हात लावायचा नाही.

त्या संध्याकाळी रेणूने किल्ली दिली, बंदूक परत करायचा विषय पुन्हा काढला नाही. मी बंदूक उघडली, रिकामी आहे हे आन्याला दाखवलं, तिने बोट घालून बघितलं, आणि दस्ता सुटा केला. मग मी तिला टेबलापाशी उभं केलं आणि तिचा हात मोजला. कोपरापासून बोटाच्या पेरापर्यंत. तीन वेळा मोजला. तिचा हात एवढ्या जवळून मी शेवटचा कधी धरला होता ते मला आठवेना. मनगटाजवळ एक तीळ आहे, माझ्या आईला होता तसा. तो मी पहिल्यांदा बघितला असं लिहायला मला लाज वाटते, पण खरं आहे.

लाकडावर चिकटपट्टी लावली, तिच्यावर पेन्सिलने रेघ मारली. करवत लावायच्या आधी थांबलो. कोणीतरी हाताने घासलेलं काम होतं ते.

"नको असेल तर राहू दे," आन्या म्हणाली.

"गप्प," मी म्हणालो, आणि कापलं.

दोन शनिवार आम्ही मैदानावर गेलोच नाही. तिसऱ्या शनिवारी रेणूही गाडीत बसली. तिने आयुष्यात बंदुकीचा आवाज जवळून ऐकला नव्हता. कानांवर मोठे आवाजरोधक चढवून, पर्स मांडीवर घट्ट धरून ती माझ्या खुर्चीत बसली, आणि मी उभा राहिलो.

आन्याने दस्ता खांद्याला लावला. या वेळी तिला मान ताणावी लागली नाही, गाल आपोआप लाकडावर आला. पहिली तबकडी सुटली. फुटली. दुसरी सुटली, तशीच गवतात पडली. रेणू प्रत्येक बाराला डोळे मिटत होती आणि मला विचारत होती, "लागली का?" मी तबकड्या बघत नव्हतो. मी खांदा बघत होतो.

सोळा फोडल्या. बंदूक उघडी करून, नळी खाली धरून ती आमच्याकडे चालत आली. तिने ती रॅकला लावली, डोळ्यांवरचा संरक्षक चष्मा काढला. मी विचारायला तोंड उघडलं. त्याआधी ती स्वतःच माझ्यासमोर उभी राहिली आणि टीशर्टचा गळा बाजूला ओढला.

"थोडं दुखलं," ती म्हणाली. मराठीत. "इथे. आधीएवढं नाही. पण दुखलं."

"कुठे, नीट दाखव," मी म्हणालो, आणि वाकून बघायला लागलो.