माफीची फेरी

"धर. अगं घट्ट धर, मनगट आहे माझं, फुलाचा देठ नव्हे."

खेळाच्या बाईंनी हात पुढे केला होता आणि दहावीच्या मुली भोवती कोंडाळं करून हसत होत्या. मनगट धरलं होतं मुंगीने. वर्गात सगळ्यांत बारकी म्हणून तिला हे नाव पडलं होतं, आणि तिनेही ते राग न मानता चालवून घेतलं होतं.

"आता बघा. चार बोटं एका बाजूला, अंगठा बिचारा पलीकडे एकटा. चौघांशी भांडत बसू नका. एकट्याच्या दिशेने हात वळवा आणि ओढा." बाईंचा हात ओल्या साबणासारखा निसटला. "आता मी धरते, तू सोडव. पण आधी ओरड."

मुंगी ओरडली, मांजरीच्या पिलाएवढं.

"एवढ्याने बाकावरची शेजारीण पण जागी व्हायची नाही. पोटातून काढ."

दुसऱ्या खेपेला वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. हात सुटला, टाच बाईंच्या बुटावर आपटली, आणि लगेच मुंगी कळवळली, "सॉरी बाई, लागलं का हो?"

"फेरी!" सगळ्या मुली एका सुरात म्हणाल्या.

बाईंच्या तासाला हा एकच कायदा होता. स्वतःला सोडवून घेतल्यावर जी माफी मागेल तिने मैदानाला एक फेरी मारायची. पोरींना हात सोडवायला चटकन येतं, तोंडातली माफी मात्र सुटता सुटत नाही, हे बाईंना शिकवता शिकवताच कळलं होतं. "बाकीच्या तासांना हाताची घडी, तोंडावर बोट," त्या म्हणायच्या. "इथे हात मोकळे आणि तोंड उघडं."

सुरुवातीला मुंगीइतक्या फेऱ्या कुणीच मारल्या नाहीत. पुढे पुढे त्या कमी झाल्या, आणि मग थांबल्या.

परीक्षा तोंडावर आली असताना एका सकाळी बाईंना मोठ्या बाईंच्या खोलीत बोलावणं आलं. आत भांडारमामा बसले होते. शाळेत वह्या आणि गणवेश विकणारे हे गृहस्थ संस्थेच्या अध्यक्षांचे मेहुणे होते. उजव्या पायाच्या अंगठ्याला जाड पट्टी, आणि तो पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवलेला. भिंतीला टेकून मुंगी उभी होती. शेजारी तिची आई, इस्त्रीचं काम तसंच टाकून आलेली.

"बघा तुमची विद्या," मोठ्या बाई म्हणाल्या. "मामांचं नख निघालं."

"काय झालं गं?" बाईंनी मुंगीलाच विचारलं.

"वह्या आत आहेत, ये म्हणाले. मी आत गेले तर हात धरला. सोडा म्हटलं तर हसले." मुंगी सरळ बोलत होती. "मग मी ओरडले. हात वळवला, टाच मारली, पळाले. तुम्ही सांगितलं तसंच."

"माझ्या लेकीच्या वयाची पोर," मामा छताकडे बघत म्हणाले. "पाय घसरला तिचा, म्हणून धरलं. भलाईचे दिवसच राहिले नाहीत."

"ती सोडा म्हणाली, तेव्हा का नाही सोडलंत?"

उत्तर मामांनी दिलं नाही, मोठ्या बाईंनी दिलं. "बाई, हे कोर्ट नाही. अध्यक्षांचा निरोप आहे. मुलीने माफी मागायची, तुम्ही शिकवण्यात चूक झाली म्हणायचं. नाहीतर दाखला तयार आहे. परीक्षेच्या तोंडावर हिला दुसरी कुठली शाळा घेणार, सांगा."

"माग गं माफी," आई हळूच म्हणाली. "शब्दाने काही अंगाला भोकं पडत नाहीत. वर्ष जाईल तुझं."

मुंगीने आईकडे पाहिलंच नाही. ती बाईंकडे बघत होती.

बाईंना पकडी ओळखता येत. या पकडीत अध्यक्ष होते, मामा होते, मोठ्या बाई होत्या, परीक्षा होती. पण एकटा अंगठा कुठे आहे, तो त्यांना सापडेना.

"चूक झाली माझी," त्या म्हणाल्या. "शिकवण्यात."

मग मुंगी म्हणाली, "माफ करा." आवाज पुन्हा मांजरीच्या पिलाचा.

"असू दे, असू दे," मामांनी मोठ्या मनाने हात हलवला. "लहान आहे."

बाहेर आल्यावर मुंगीने दप्तर आईच्या हातात दिलं, पायरीवर बसून बुटांच्या नाड्या आवळल्या आणि मैदानाच्या कडेने धावत सुटली.

"अगं ए, कुठे निघालीस?" आईने हाक मारली. मग बाईंकडे वळून म्हणाली, "हे काय खूळ हो हिचं?"

बाईंचा गुडघा केव्हाचा धरलेला होता, त्या कडेला उभ्या राहूनच शिकवत. त्या मैदानात उतरल्या आणि आखलेल्या रेघेवरून लंगडत चालू लागल्या.

मुंगी फेरी पुरी करून आली. तिने दप्तर खांद्याला लावलं आणि बाईंकडे वळूनही न पाहता आईमागोमाग फाटकाबाहेर गेली. बाई तेव्हा जेमतेम भांडारापर्यंत पोचल्या होत्या. खिडकी उघडली होती. वह्यांसाठी लहान वर्गातल्या मुलींची रांग लागली होती. हाताची घडी, तोंडावर बोट, अगदी शहाण्यासारखी.

बाई थांबल्या नाहीत. फेरी अजून बरीच उरली होती.